दत्तूचा समुद्र

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगावचे वकील एकतर आंबोलीला जातात, नाहीतर घाट उतरून वेंगुर्ल्याला. आमचं घर वेंगुर्लेवाल्यांपैकी. भरतीच्या वेळी डुंबावं, ओहोटीला मुलांनी शिंपल्या वेचाव्यात आणि पंधरा दिवसांनी काळवंडून घरी यावं, असा आमचा दरवर्षीचा क्रम. यंदा वसंतभावोजींचं पत्र आलं आणि तो मोडला.

वसंतभावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. मुंबईच्या एका कापूसपेढीनं त्यांना चार वर्षांपूर्वी मिसर देशात अलेक्झांड्रियाला पाठवलं. त्यांनी लिहिलं होतं, "वहिनी, इथं समुद्राला लागून लाकडी खोल्या पंधरा-पंधरा दिवस भाड्यानं मिळतात. मे महिन्यात गर्दी नसते आणि भाडंही निम्मं. दादाला घेऊन या."

ह्यांनी पत्र वाचून चष्मा काढला. "समुद्रच बघायचा तर आंबोली उतरली की झालं. एक समुद्र बघायला दुसरे दोन ओलांडायचे?"

मी म्हटलं, "मला तोच बघायचाय."

ह्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "दत्तूचा?"

दत्तू माझा पाठचा भाऊ. गेल्या महायुद्धात पलटणीबरोबर पॅलेस्टाइनकडे गेला, मांडीत गोळी लागली आणि चार महिने अलेक्झांड्रियाच्या इस्पितळात पडून होता. तिथून त्यानं घरी पत्र लिहिलं. त्यात होतं, "हितला समुद्र गावच्या तळ्यासारखा हाय. येत न्हाय, जात न्हाय. मी दिवसभर बगत असतो." आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो परतल्यावर निपाणीला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. मुलीला वडील नव्हते. ते ज्यांच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होते ते बापूशेठ वडीलकीच्या नात्यानं बसले होते. बापूशेठ मूळचे वेंगुर्ल्याचे, बालपण बंदरात गेलेलं. त्यांनी दत्तूला परदेशातल्या गोष्टी विचारल्या. दत्तूनं बोटी सांगितल्या, उंट सांगितले, आणि मग समुद्राचं सांगितलं.

"भरती-ओहोटी नाय?" बापूशेठ पान लावता लावता थांबले. "अरे मेल्या, हो दर्या की न्हाणीतला घंगाळ?"

"न्हाय हालत," दत्तू म्हणाला. "चार महिनं बघितलाय."

"मी जलमभर बघितलंय! चंद्र हा तंवर दर्या हालतलोच. तू पलटणीत गेलंस की खंय घोडी राखीत बसलंस?"

आणि मी हसले. सगळी बैठक हसली, पण पहिलं हसू माझं होतं. दत्तू एकदा माझ्याकडे बघून खाली बघत राहिला. चार दिवसांनी निरोप आला की माणूस बोलायला भरवशाचा वाटत नाही. त्यानंतर दत्तूनं दुसरी मुलगी बघू दिली नाही. आज तो चाळिशीला आला, एकटा आहे. आणि आमच्या पंचक्रोशीत थापेला नाव पडलं 'दत्तूचा समुद्र'. कुणी म्हणालं की माझ्या शेतात हाताएवढा भुईमूग आला, की दुसरा म्हणणार, "हां, हा दत्तूचा समुद्र." माझी स्वतःची मुलंसुद्धा असं म्हणत मोठी झाली. मी त्यांना कधी अडवलं नाही.

गंमत अशी की पुढं त्याच बापूशेठनी दत्तूला आपल्या वखारीत काट्यावर बसवलं. गेली बारा वर्षं तो तंबाखू तोलतो. त्याच्या काट्याचं वजन कुणी फिरून करत नाही. शेतकरीही नाही, व्यापारीही नाही. पोत्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. समुद्राच्या बाबतीत मात्र थापाड्या.

तर असं ते ठरलं. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी तयारीचं थोडं सांगते. पासपोर्टाचा अर्ज बेळगावच्या कलेक्टर कचेरीतून होतो, पण दोन महिने हाताशी ठेवा. देवी टोचल्याचा दाखला लागतो. बोटीचं तिकीट दुसऱ्या वर्गाचं काढलं. त्यापायी माझ्या चार पाटल्यांतल्या दोन गेल्या, यावरून अंदाज घ्यावा. ट्रंकेत मी साध्या इरकली साड्या, डुंबायला एक जुनं नऊवारी, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि गोकाकचं करदंट घेतलं. करदंट म्हणजे सुकामेव्याची डिंक-गुळाची वडी; ते महिनाभर टिकतं आणि बोटीवरच्या 'करी' नावाच्या पिवळ्या पाण्यानंतर फार आधार देतं.

आणि पंचांग घेतलं.

कोकणातली युक्ती बहुतेकांना ठाऊक असेल. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. पाऊणकी झोपेतही येते. मी एका फुलस्केप कागदावर पंधरा दिवसांचं वेळापत्रकच आखलं: अमुक वाजता डुंबणं, तमुक वाजता शिंपल्या, मधल्या वेळात शहर. हे म्हणाले, "शाळेची घंटापण घे बरोबर." मी कागद नीट घडी करून पंचांगात ठेवला.

आम्ही बेळगावहून रेल्वेनं सरळ न जाता सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला जाऊन तिथून गाडी धरली, कारण वाटेत निपाणी लागते. काकती मागे पडली की रस्ता मोकळा होतो. संकेश्वरला मोटार पाणी प्यायला थांबते, आपणही प्यावं. तिथल्या उसाच्या रसाला आलं लई छान लावतात. निपाणीला पाऊण तास मिळाला. दत्तू वखारीबाहेर उभाच होता, अंगावर तंबाखूची पिवळी धूळ.

"आलीस व्हय आक्का? मोटार येळंवर आली म्हनायची." ह्यांना त्यानं वाकून नमस्कार केला. "भावजी, बोटीत पहिलं दोन दिवस पोटात काय ठिऊ नका."

"दत्तू, तुझ्यासाठी काय आणू?" मी विचारलं.

त्यानं अंगावरची धूळ झटकली. "काय न्हाय. तिथं इस्पितळाचा एक लांबलचक व्हरांडा हुता. हाय का बघ. न्हायतर राहू दे, तुमास्नी कुठं हुडकत फिरायचं." मग मोटारीच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "लई देखणा हाय गं तो. सकाळचा येगळा, दुपारचा येगळा. नुसतं बघत बस."

समुद्र हलतो की नाही हे तो बोलला नाही. मीही नाही.

मुंबईहून पोर्ट सय्यदला बोटीनं दहा-अकरा दिवस लागतात. मधे एडनला उतरता येतं. उन्हानं डोकं फिरतं, उतरला नाहीत तरी चालेल. सुएझचा कालवा मात्र चुकवू नका. दोन्हीकडे वाळू आणि मधून आपली एवढी थोरली बोट संथ चाललेली. शेताच्या पाटातून हत्ती चालावा तशी. पोर्ट सय्यदहून आगगाडी. बेन्हा नावाच्या ठिकाणी गाडी बदलावी लागते. तिथं फलाटावर तिळाची कडी विकतात, म्हणजे तीळ लावलेला पावाचा कडक वळसा. दोन खाल्ली की जेवण झालं. नाईल नदीच्या मुखाकडचा तो मुलूख बघून माझ्यातली शेतकऱ्याची मुलगी हरखली. काळी माती, मोटा, रहाट, रेडकं. हे म्हणाले, "एवढ्या लांब येऊन चिकोडी तालुकाच बघायचा होता का?"

अलेक्झांड्रियाचं पहिलं दर्शन मी विसरणार नाही. स्टेशनातून घोडागाडी एका वळणावर आली आणि समोर सगळं निळं झालं. मोठ्या चंद्रकोरीसारखा किनारा, त्याला लागून मैलोगणती फरसबंदी रस्ता, एका बाजूला पिवळसर पांढरी उंच घरं आणि दुसऱ्या बाजूला तो. मला वाटलं होतं आपल्यासारखाच असेल, मातकट, दणदणाट करणारा. हा मोरपिशी होता. आतली वाळू दिसत होती. लाटा होत्या, पण लहान. मांडीवरच्या मुलाला थोपटावं तशा. आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोक्याला पटेना. हा समुद्र उत्तरेला आहे! आमच्या वेंगुर्ल्यात सूर्य समुद्रात बुडतो. इथं तो घरांच्या मागं जातो आणि पाणी एकटंच उजळत राहतं.

भावोजींनी घेतलेली खोली शहरापासून थोडी लांब, रामले भागात होती. माडीवाली ट्राम जाते. वर बसावं, भाडं क्षुल्लक. खोली लाकडी, निळ्या रंगाची, पुढचे खांब पाण्यात रोवलेले, पुढं कठडा. मालकीण मादाम एलेनी नावाची साठीची ग्रीक बाई, काळा झगा, खणखणीत आवाज. तिचं फ्रेंच, भावोजींचं फ्रेंच आणि माझे हातवारे असं आमचं चाले.

दुसऱ्या दिवशी वैशाख शुद्ध एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. मी बरोबर सव्वाआठला कासोटा घट्ट करून पाण्यात उतरले. आजूबाजूच्या बायका आखूड कपड्यांत, आणि मधे मी नऊ वार लुगड्यात. आधी मला लाज वाटली, मग लक्षात आलं की लाज मलाच वाटतेय. बाकीच्यांना नुसतं कुतूहल. एलेनीनं माझा ओला पदर हातात घेऊन काठ निरखला आणि म्हणाली, एवढ्या कापडात तिच्या चारही नातींचे झगे होतील. पाणी मेमध्ये गार असतं, पहिल्यांदा श्वास अडकतो. मग असं हलकं वाटतं की बाहेर यावंसं वाटत नाही. मी बेचाळिसाव्या वर्षी पाठीवर तरंगायला शिकले. डोळे मिटले की कानांत फक्त आपलाच श्वास ऐकू येतो.

दुपारी अडीच वाजता वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण ओहोटी. मी शिंपल्यांसाठी पिशवी घेऊन वाळूवर जाऊन उभी राहिले. पाणी होतं तिथंच होतं. म्हटलं, घड्याळात फरक असेल. तीन वाजले. डोक्यावर ऊन, हातात रिकामी पिशवी, आणि मी उभीच.

एलेनीनं कठड्यावरून भावोजींना विचारलं, "ही बाई कुणाची वाट बघते आहे?"

भावोजी म्हणाले, "समुद्र मागे जायची."

"मागे? कुठं?"

"आमच्याकडे जातो."

"मग परत येतो?"

"रोज दोनदा."

एलेनीनं एकदा पाण्याकडे बघितलं. मग ती अशी हसायला लागली की तिला कठडा धरावा लागला. तिनं शेजारच्या खोलीतल्या बाईला हाक मारली, तिनं तिच्या नवऱ्याला. "ऐका, ऐका! ह्या बाईंच्या गावचा समुद्र रोज दोनदा घर सोडून जातो!"

मला चीड आली. मी भावोजींना म्हटलं, "त्यांना सांगा, खरंच जातो. फर्लांगभर जातो. होड्या चिखलात बसतात. माणसं चालत जाऊन मासे पकडतात." भावोजींनी सांगितलं. त्यावर तर पोरंसुद्धा हसली. एका म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवत काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले?"

भावोजी जरा घुटमळले. "ते विचारतात, बाईंना ऊन लागलंय का."

संध्याकाळपर्यंत माझं नाव पडलं. पोरं मला 'मादाम मारे' म्हणू लागली. मारे म्हणजे फ्रेंचमध्ये भरती-ओहोटी. मी खरं तेच सांगितलं होतं, वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघितलेलं, आणि सगळा किनारा मला हसत होता. त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. एलेनीनं तर हसून झाल्यावर मला कलिंगडाची फोड आणून दिली. पण मी ती खाऊ शकले नाही. दत्तूला बापूशेठच्या बैठकीत काय वाटलं असेल ते मला सतरा वर्षांनी, कलिंगड हातात धरून कळलं.

खोलीत येऊन मी तो फुलस्केप काढला. सुंदर अक्षरात मी पंधरा दिवसांच्या भरत्या-ओहोट्या लिहिल्या होत्या. निघताना मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं की मी दत्तूचं खरं करायला चालले आहे. मलाही तसंच वाटत होतं. पण मग हा कागद कशासाठी? ज्या समुद्राला भरती नाही असं माझा भाऊ सांगतो, त्या समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक मी आखून आणलं होतं. ह्यांनी माझ्या खांद्यावरून तो बघितला. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

आता बघायचंच तर नीट, असं मी ठरवलं. आम्ही विहिरीचं पाणी मोजतो तसं. सुतळीला दगड बांधला, कठड्यावरून सोडला, दगड पाण्याला टेकला की कठड्याच्या रेषेत सुतळीला गाठ. लाट खाली जाईपर्यंत थांबायचं आणि तीनदा बघायचं. पौर्णिमेच्या सकाळी सव्वाअकराला पहिली गाठ, मग दर दोन तासांनी. पौर्णिमेला समुद्र हलणार नसेल तर कधीच हलणार नाही. अष्टमीपर्यंत आठ दिवस मी हे केलं. एलेनी येता-जाता विचारायची, "काय मादाम मारे, गेला का?" मी म्हणायची, "अजून नाही." मग आम्ही दोघीही हसायचो.

गाठी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकीला एक चिकटून बसल्या. पहिल्या आणि शेवटच्या गाठीत अंतर पडलं माझ्या हाताची एक वीत. जास्त नाही.

मधल्या वेळात शहर पाहिलं, आणि त्याबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे. बंदराच्या टोकाला एक जुना किल्ला आहे. तिथं हजारो वर्षांपूर्वी जगातला सर्वांत उंच दीपस्तंभ होता म्हणतात. तो भूकंपात पडला आणि त्याचेच दगड किल्ल्याला लागले. किल्ल्याच्या पायथ्याशी कोळी जाळी शिवत बसतात, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून, अगदी आपल्याकडच्यासारखे. सकाळी बाजारात जा. ग्रीक वाणी, इटालियन शिंपी, अरबी भाजीवाला, यहुदी सराफ, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याची भाषा येते. मला आमचा शनिवारचा बाजार आठवला, जिथं एकच बाई मिरची मराठीत विकते आणि सुटे पैसे कानडीत मोजते. खाण्यात उकडलेल्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याची उसळ, वर तेल नि लिंबू. माझी चटणी तिच्यावर घातली तर भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचं नव्हतं. संध्याकाळी अख्खं गाव किनाऱ्याच्या रस्त्यावर येतं. कामाला कुणी जात नसतं. म्हातारे नवरा-बायको हात धरून चालतात. तिसऱ्या दिवशी ह्यांनी इकडंतिकडं बघून माझा हात धरला. बेळगावात वीस वर्षांत हे झालं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी व्हरांडा सापडला. ट्रामच्या दोन थांब्यांवर, समुद्रासमोर, एक मोठी इमारत. तिथं आता शाळा आहे. दरवान काळासावळा, उंच, म्हातारा. भावोजींनी त्याला सांगितलं की ह्या बाईंचा भाऊ युद्धात इथं होता. त्यानं माझ्या कुंकवाकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हिंदी!" म्हणाला. दोन्ही तळहातांत हवा थापटून त्यानं चपाती करून दाखवली. मग कुलूप उघडलं.

व्हरांडा खरंच लांबलचक होता. मी उभी राहून बघितलं, पाणी दिसलं, वाळू दिसली, लाट कुठं टेकते तेही दिसलं. मग मनात आलं, तो उभा नव्हता. त्याचा पाय लाकडाला बांधलेला होता. मी शाळेचं एक बाक ओढून घेतलं आणि खाटेएवढ्या उंचीवर आडवी झाले. हे म्हणाले, "अगं, दरवान बघतोय." बघू दे म्हटलं. तिथून वाळू दिसतच नव्हती. कठड्याचा जाड दगड मधे येत होता. त्याच्या वर फक्त पाणी, सरळ रेघेत, आकाशाला टेकलेलं. येत नाही, जात नाही. मी पुष्कळ वेळ तशीच पडून राहिले.

परतीचा प्रवास पावसाच्या आत करावा. आमची बोट जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला लागली तरी शेवटचे दोन दिवस कपबशा टेबलावर राहिनात. मुंबईहून कोल्हापूर, तिथून मोटारीनं निपाणी. ह्यांना पुढं बेळगावला जाऊ दिलं, मी उतरले.

वखारीत बापूशेठ लोडाला टेकून बसले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळे अधू झालेत. दत्तू काट्यावर. पाच-सहा शेतकरी पोत्यांवर बसलेले. मी चहाही न घेता सुतळी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. पौर्णिमा, सव्वाअकरा, दगड, गाठी.

बापूशेठनी सुतळी बोटांनी चाचपली. पहिली गाठ, शेवटची गाठ. स्वतःची वीत लावून बघितली.

"म्हणजे हालतां," ते म्हणाले. "वीतभर हालतां!"

एक शेतकरी फसकन हसला. "शेठ, म्हातारपनी तरी सोडा की वो!"

मी काही बोलणार तेवढ्यात दत्तू काट्यामागून म्हणाला, "व्हय शेठ. वीतभर तुमचं खरं. मी खाटंवरनं बघत हुतो, तेवढं मला दिसलं न्हाय."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खवचटपणे बोलत नव्हता. काट्यावर पोतं वीतभर वर-खाली झालं तर तो जसा सांगतो, तसंच त्यानं सांगितलं. बापूशेठ सुतळी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर ती त्यांनी मला परत दिली नाही, दत्तूच्या दिशेनं हात पुढं केला.

"घे रे. वीतभर दर्या माझो. बाकीचो तुझो."

दत्तू उठला, हात धोतराला पुसले आणि सुतळी घेऊन खिशात ठेवली.

संध्याकाळच्या मोटारीपर्यंत तो मला सोडायला आला. थोडा लंगडतो, म्हणून आम्ही सावकाश चाललो. मी त्याला व्हरांडा सांगितला, दरवानाची चपाती सांगितली. तो खूप हसला. मादाम मारेची गोष्ट सांगितली, तर थांबूनच हसला. "तुला ऊन लागलंय म्हनाले?" मला वाटलं, आता बोलावं. सतरा वर्षांचं ओझं आहे, उतरवावं.

"दत्तू, त्या दिवशी बैठकीत मी हसले होते."

"ठावं हाय की," तो म्हणाला. "सगळी मला हसत हुती आन् तू एकटी शेठला हसलीस. लई बरं वाटलं तवा. म्हटलं, आक्काचा तरी इस्वास हाय."

मोटार आली. क्लीनर ओरडत होता. दत्तूनं माझी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी उभा राहिला. मी हात हलवला. एवढंच केलं.

घरी येऊन आता महिना होतो आहे. अलेक्झांड्रियाला जरूर जा. मे महिन्यात जा, रामलेच्या बाजूला खोली घ्या, ट्रामच्या माडीवर बसा, पाठीवर तरंगायला शिका. पंचांग नेऊ नका. माझ्या दोन पाटल्या गेल्या त्याचं मला काही वाटत नाही. तो निळा रंग डोळे मिटले की येतो. आमच्या घरात मुलांनी 'दत्तूमामाचा समुद्र' म्हणायचं सोडलं. उलट परवा धाकटीनं एका गोष्टीची खातरी देताना म्हटलं, "अगदी दत्तूमामाच्या समुद्रासारखं खरं." हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण रात्री झोप आली नाही.

दत्तू हे वाचणार आहे. वखारीत ह्या मासिकाचा अंक येतो, तो बोट ठेवून सावकाश वाचतो, एकही ओळ सोडत नाही. म्हणून जे मला मोटारीच्या खिडकीतून सांगता आलं नाही ते इथं लिहिते. दत्तू, मी शेठना हसले नव्हते. तुला हसले होते. सगळ्यांच्या आधी, आणि मनापासून. तुझा समुद्र बघायला निघाले तेव्हाही माझ्या ट्रंकेत पंचांग होतं. ह्यात वीतभरही फरक नाही.

हा अंक हाती पडल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळच्या मोटारीनं मी निपाणीला येते आहे. स्टँडवर ये. नाही आलास, तर मी वखारीपर्यंत चालत येईन.